कॅसिनो रोयाल (२००६): शेवटी तो नाव सांगतो तेव्हा टाळी वाजवायची का?

आडवाटेचा (धागाकर्ता)

(ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून घ्या. पुढे शेवटापर्यंत सगळं उघड केलं आहे.)

गेल्या रविवारी सोळा वर्षांच्या लेकीला तिचा पहिला बाँडपट दाखवला. शॉन कॉनरीपासून सुरुवात करायची की थेट डॅनिअल क्रेगपासून, यावर घरात दोन दिवस खल झाला आणि शेवटी 'कॅसिनो रोयाल' लावला. अखेरच्या प्रसंगात तळ्याकाठच्या त्या घरापुढे खलनायकांच्या संघटनेतला मिस्टर व्हाइट पायात गोळी लागून सरपटत असतो, समोर निळ्या थ्री-पीस सुटातला क्रेग येऊन उभा राहतो आणि 'बाँड, जेम्स बाँड' हे नाव उच्चारतो. माझे हात सवयीने टाळीसाठी वर गेले. लेक म्हणाली, "बाबा, टाळ्या कशाला? मला तर रडू येतंय त्याच्याकडे बघून."

तेव्हापासून तिचं वाक्य डोक्यातून जात नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये चित्रपट लागला तेव्हा ऑफिसातल्या मित्रांबरोबर पाहिला होता, त्यानंतर कितीदा पाहिला याची मोजदाद नाही. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

बाँड तेव्हा कुठे जाऊन पोचला होता ते आठवून पाहा. २००२ च्या 'डाय अनदर डे'मध्ये दिसेनाशी होणारी गाडी होती, बर्फाचा महाल होता, संगणकावर रंगवलेल्या लाटेवर स्वार झालेला पिअर्स ब्रॉस्नन होता. गल्ला उत्तम जमला होता, म्हणजे पैशांसाठी काही मोडायची गरज नव्हती. तरीही मायकल जी. विल्सन आणि बार्बरा ब्रॉकली या निर्मात्यांनी चाळीस वर्षांचा डोलारा उतरवून ठेवला आणि इयान फ्लेमिंगच्या पहिल्या कादंबरीकडे गेले. तिचे हक्क अनेक वर्षं दुसरीकडे अडकलेले होते, ते १९९९ मध्ये त्यांच्या बाजूला आले. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल. ब्रॉस्ननचा पहिला बाँडपट 'गोल्डनआय' (१९९५) यानेच केला होता. एकाच माणसाने दोनदा बाँड नव्याने उभा केला, याची दखल फार कमी लोक घेतात.

आणि क्रेग. १४ ऑक्टोबर २००५ ला त्याला थेम्स नदीतून स्पीडबोटीने पत्रकारांसमोर आणलं. अंगात लाइफ जॅकेट होतं. त्या जॅकेटवरून, भुऱ्या केसांवरून, उंचीवरून त्याला असं झोडपलं की विचारू नका. बहिष्काराच्या वेबसाइटी निघाल्या. चित्रपटाचं एक दृश्यही कोणी पाहिलेलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. हा बाँड 'वास्तववादी' म्हणून वेगळा, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. एका क्रेनवरून दुसऱ्या क्रेनवर उडी मारणारा माणूस कसला वास्तववादी? वेगळेपण निराळ्याच ठिकाणी आहे. आधीच्या बाँडकडे सगळं पहिल्यापासून होतं: सूट, मद्य, गाडी, थंडपणा. या चित्रपटात त्यातली एकेक गोष्ट त्याला कुठून तरी मिळते. जुनी अ‍ॅस्टन मार्टिन तो बहामात पत्त्यांत जिंकतो, ती सोडा. डिनर जॅकेट त्याला व्हेस्पर, मोहिमेतली त्याची साथीदार आणि पुढे प्रेयसी, देते. नजरेनेच माप घेऊन तिने ते शिवून घेतलेलं असतं. आरशासमोर उभा राहून तो स्वतःकडे पाहतो, तेव्हा पहिल्यांदा तो आपल्या ओळखीचा बाँड दिसतो. त्याच्या आवडत्या पेयाला तो तिचं नाव देतो. तू अनाथ आहेस, दुसऱ्याच्या उपकारावर शिकलास, म्हणून असा अंगावर येतोस, हे ट्रेनमध्ये पहिल्या भेटीत तीच ओळखते. छळ सोसून बरा होत असताना तो तिला सांगतो की माझं चिलखत तू उतरवलंस, आता माझ्याकडे काही उरलं नाही. आणि ती गेल्यावर एम, त्याची गुप्तहेर खात्यातली वरिष्ठ, फोनवर विचारते, तू आता कुणावरच विश्वास ठेवत नाहीस ना? तो नाही म्हणतो. एमचं उत्तर असं की मग धडा शिकलास.

म्हणजे सूटही तिचा, पेयही तिचं आणि अविश्वासही तिनेच दिलेला. अख्ख्या चित्रपटात जपून ठेवलेलं ते वाक्य तो शेवटी उच्चारतो तेव्हा चिलखत परत चढलेलं असतं, आणि आता ते उतरवायला कोणी नाही. माझ्या मुलीने हे एका बैठकीत पाहिलं.

तुम्ही तो शेवट कसा पाहता ते वाचायला आवडेल.

पायवाट

सुंदर लिहिलंय. क्रेनच्या मुद्द्यावर मात्र थोडी भर घालतो, कारण तो पाठलाग माझा फार लाडका आहे. मी स्वतः काही वर्षं पार्कोर (अडथळे ओलांडत धावायची कला) शिकलो आहे.

पळणारा माणूस म्हणजे सेबास्तियाँ फुकाँ. पॅरिसजवळच्या लिस या उपनगरात डेव्हिड बेल आणि त्याच्या मित्रांनी जे सुरू केलं, त्यातला हा एक. कथेत ते मादागास्कर आहे, चित्रण झालं बहामात. आता त्या दोघांची शरीरं नीट पाहा. फुकाँ भिंतीच्या वरच्या अरुंद फटीतून माशासारखा निसटतो. बाँड तीच भिंत अंगाने फोडून आरपार येतो. फुकाँ पायऱ्या टाळून खाली झेपावतो, बाँड हाताला लागेल ते यंत्र वापरतो. एक शब्द न बोलता कळतं की या माणसात नजाकत नाही, हट्ट आहे. पुढे वकिलातीत घुसून तो जो गोंधळ घालतो आणि एमच्या शिव्या खातो, ते या भिंतीतच ठरलेलं आहे.

आमचे प्रशिक्षक सांगायचे की अडथळ्याशी भांडू नका, त्याच्या कलाने जा. बाँड नेमका अडथळ्याशी भांडतो. म्हणून तो पाठलाग मला दोन स्वभावांचं भांडण वाटतो.

आणखी एक. रस्त्यात बांधून टाकलेली व्हेस्पर दिसते आणि तिला वाचवायला बाँड गाडी वळवतो, तेव्हा ती अ‍ॅस्टन मार्टिन डीबीएस कोलांट्या खात जाते. ते संगणकावर केलेलं नाही. गाडी इतकी खाली बसणारी की साध्या उतारपट्टीवरून उलटेना. मग तिच्यात नायट्रोजनवर चालणारी तोफ बसवली आणि स्टंटचालक अ‍ॅडम कर्लीने सात पलट्या घेतल्या. गिनेस बुकात विक्रम म्हणून नोंद आहे.

जुना_प्रेक्षक

माझं वय सदुसष्ट. या धाग्यावर मी एकटाच विरोधी पक्षात दिसतोय, तरी लिहितो.

आम्ही बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेली पिढी. वाचनालयातून रोज एक पुस्तक, रात्री पांघरुणात संपवायचं, सकाळी बदलायचं. त्या नायकांना भूतकाळ नव्हता, आणि आम्हाला तो हवाही नव्हता. तोच आनंद मला कॉनरी आणि रॉजर मूरने दिला. १९८३ मध्ये 'ऑक्टोपसी' आला तेव्हा उदयपूर आणि आपला विजय अमृतराज पडद्यावर पाहताना छाती फुगली होती. बाँड म्हणजे आमच्यासाठी अडीच तासांची सुट्टी होती. घरी आजारपण, नोकरीत कटकट, आणि तिथे एक माणूस ज्याच्या शर्टाला सुरकुती पडत नाही.

'कॅसिनो रोयाल' मी मुलाबरोबर पाहिला. खुर्चीला बांधून दोराने मारतात तो प्रसंग मला बघवला नाही, मी मान वळवली. घरी येताना थकून आलो. चित्रपट वाईट आहे असं म्हणत नाही. पण माझ्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं.

शिवाय बाँडला जखम पहिल्यांदा झाली, हेही खरं नाही. १९६९ च्या चित्रपटात जॉर्ज लेझनबीच्या बाँडचं लग्न होतं आणि त्याच दिवशी बायको ट्रेसीला गोळी लागते. गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला तो मला अजून दिसतो. टिमथी डाल्टननेही १९८७ आणि १९८९ मध्ये पुरेसा कडक बाँड केला. तेव्हा क्रेगने सगळं शोधून काढलं, असं नव्या मंडळींनी समजू नये.

आडवाटेचा

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ट्रेसीची आठवण काढलीत ते फार बरं केलंत, माझ्या लिखाणात ती यायलाच हवी होती.

फरक मला एवढाच दिसतो. १९७१ मध्ये पुढचा चित्रपट आला, कॉनरी परतला, सुरुवातीला ट्रेसीच्या खुनामागच्या ब्लोफेल्डला शोधत फिरला, पण ट्रेसीचं नावही निघालं नाही. पुढे १९८१ मध्ये मूर तिच्या कबरीवर फुलं घेऊन उभा दिसतो, ते थोडे क्षण. जखम झाली होती, मालिकेने ती वागवली नाही. व्हेस्परचं तसं झालं नाही. २००८ चा 'क्वांटम ऑफ सोलेस' याच प्रसंगानंतर तासाभरात सुरू होतो. त्यात विमानात बसून बाँड तेच पेय सहा ग्लास पितो आणि त्याचं नाव उच्चारत नाही. २०२१ च्या, क्रेगच्या शेवटच्या बाँडपटात तो इटलीतल्या मातेरा गावी तिच्या कबरीपाशी जातो. पंधरा वर्षं, पाच चित्रपट, ती बाई त्याच्याबरोबर आहे.

तुमच्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलं, हे मात्र मला मान्य आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खडूफळा

कादंबरी वाचलेल्यांसाठी थोडं. एप्रिल १९५३ मध्ये ती आली. फ्लेमिंगने महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केलं होतं, आणि जमैकातल्या आपल्या 'गोल्डनआय' नावाच्या घरी बसून त्याने ही लिहिली. नायकाचं नाव वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका पक्षितज्ज्ञाचं घेतलं, कारण त्याला अगदी साधं, बिनरंगाचं नाव हवं होतं.

पटकथाकार नील पर्व्हिस, रॉबर्ट वेड आणि पॉल हॅगिस यांनी कादंबरीचा गाभा किती जपला ते पाहून मला आश्चर्य वाटतं. ल शिफ्र हा खलनायक, दुसऱ्याचा पैसा उधळून बसलेला, तो परत मिळवायला जुगाराच्या टेबलावर आलेला. कादंबरीत तो फ्रान्समधल्या कम्युनिस्ट कामगार संघटनेचा खजिनदार आहे, चित्रपटात दहशतवाद्यांचा सावकार. विमान कंपनीचे शेअर पाडून नफा कमवायचा त्याचा डाव बाँड उधळतो आणि त्याचे शंभर दशलक्ष डॉलर बुडतात. शीतयुद्ध गेलं, पण 'माझ्या मालकांना पैसा परत दिला नाही तर ते मला मारतील' ही भीती तशीच राहिली. मॅड्स मिकेलसनने तीच भीती वठवली आहे. डोळ्यातून रक्त येतं ते लक्षात राहतं, पण मला त्याचा घाम जास्त आठवतो.

छळाचा प्रसंग कादंबरीतही आहे, जवळजवळ तसाच. बूड काढलेली खुर्ची, आणि दोराऐवजी गालिचे झोडायचं वेताचं झोडपणं. जुना_प्रेक्षक, ती क्रूरता नव्या लोकांनी आणलेली नाही. ती पहिल्या पुस्तकातच होती, मधली चाळीस वर्षं पडद्याने झाकून ठेवली होती.

बदल केला तो व्हेस्परच्या मरणात. कादंबरीत ती झोपेच्या गोळ्या घेते आणि मागे चिठ्ठी ठेवते, बाँडला ती खोलीत मेलेली सापडते. चित्रपटात व्हेनिसमध्ये बुडणाऱ्या घरात लिफ्टच्या पिंजऱ्याला ती आतून कुलूप घालते, आणि तो जाळीबाहेर. मला कादंबरीतलं मरण अधिक खरं वाटतं. व्हेनिसची हाणामारी लांबली आहे, हे माझं जुनं मत. घर कोसळतंय, खिळ्यांच्या बंदुका चालताहेत, आणि या गदारोळात एका बाईने मरायचं ठरवलं ही गोष्ट मागे पडते की काय असं वाटतं.

किलवर_राणी

पत्त्यांबद्दल कोणी बोलेना म्हणून मी बोलते. आमच्या घरी दिवाळीत तीन पत्ती आणि एरवी रमी, आजीपासून चालत आलेली.

कादंबरीत बकारा आहे, चित्रपटात टेक्सास होल्डेम पोकर. तेव्हा जगभर टीव्हीवर पोकरची लाट होती, बदल त्यामुळे शोभला. हातात दोन पानं, मध्ये पाच उघडी, त्यांतून सर्वांत चांगली पाच जुळवायची.

शेवटचा डाव असा आहे. मध्ये बदाम एक्का, इस्पिक अठ्ठी, इस्पिक छक्की, इस्पिक चौकी आणि इस्पिक एक्का. चौघं शिल्लक, चौघांनी सगळं लावलेलं. पहिल्याकडे इस्पिक राजा-राणी, म्हणजे पाचही इस्पिक, ज्याला आपण तीन पत्तीत 'कलर' म्हणतो. दुसऱ्याकडे दोन अठ्ठ्या, म्हणजे तीन अठ्ठ्या आणि दोन एक्के. ल शिफ्रकडे एक्का आणि छक्की, म्हणजे तीन एक्के आणि दोन छक्क्या. आणि बाँडकडे इस्पिक पंजी-सत्ती. चार, पाच, सहा, सात, आठ, सगळ्या इस्पिक. आपल्या भाषेत प्युअर सिक्वेन्स.

एका डावात चौघांना अशी पानं येणं आयुष्यात बघायला मिळत नाही. खेळणाऱ्यांचा या प्रसंगावरचा राग मी समजू शकते, आणि बाँडचा तिथला सहकारी मॅथिस व्हेस्परच्या कानाशी लागून सगळं समजावत बसतो तेही मला खटकतं. पण माझ्या मते खरा डाव हा नाहीच. खरा डाव आधीचा, ज्यात बाँड हरतो. ल शिफ्र कपाळाशी बोटं नेतो, ही त्याची खोटं बोलतानाची खूण आहे असं बाँडने ठरवलेलं असतं. ती खूण दिसते, बाँड सगळे पैसे सारतो, आणि समोरून चार गुलाम उघडतात. ती खूण ल शिफ्रने मुद्दाम दाखवलेली असते.

पत्ते खेळणाऱ्या कुणालाही विचारा, हे दुखणं काय असतं. पैसे गेल्याचं नाही. समोरच्याला मी वाचलंय असं वाटत असताना तो तुम्हाला वाचत बसला होता, याचं. त्यानंतर बाँड टेबलावरची सुरी उचलून त्याला मारायला निघतो. एवढा अपमान झालेला बाँड मी आधी पाहिला नव्हता. आणि नेमकी हीच चूक तो व्हेस्परबाबत परत करतो. तिलाही आपण वाचलंय असं त्याला वाटतं.

पायवाट

@किलवर_राणी, शेवटची दोन वाक्यं वाचून थांबलो. आजवर मी त्या दोन गोष्टी जोडल्याच नव्हत्या.

डॉ_सदाफुली

पेशाने डॉक्टर, त्यामुळे विषाच्या प्रसंगाबद्दल विचारणा व्हायचीच. पेल्यात डिजिटॅलिस असतं. ते फॉक्सग्लव्ह या झाडापासून येतं आणि हृदयविकारात औषध म्हणून वापरतात, पण मात्रा चुकली तर हृदयाचे ठोके बिघडतात. इतपत ठीक. मिठाचं पाणी पिऊन उलटी काढायचा प्रयत्न मात्र कोणीही, कधीही करू नका, ते जिवावर बेतू शकतं. थेट रुग्णालय गाठा.

मला लिहायचंय ते वेगळ्या प्रसंगाबद्दल. जिन्यातली मारामारी होते, व्हेस्परच्या डोळ्यांसमोर दोन माणसं मरतात, त्यात तिचाही हात लागलेला असतो. बाँड कपडे बदलून परत टेबलावर जातो. नंतर खोलीत येतो तर ती अंगावरच्या कपड्यांसकट शॉवरखाली बसलेली. हातावरचं रक्त जात नाही म्हणते. तो काही समजावत नाही. कपड्यांसकटच तिच्या शेजारी बसतो, तिची बोटं ओठांशी नेतो, पाणी गरम करतो.

इंटर्नशिपमध्ये माझ्या हाताखाली पहिला रुग्ण गेला ती रात्र अजून आठवते. दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. मी बेसिनपाशी उभी राहून हात धूत होते, किती वेळ ते कळलं नाही. वॉर्डातल्या वयस्क सिस्टर आल्या, नळ बंद केला, माझे हात टॉवेलात गुंडाळून धरले आणि स्टुलावर शेजारी बसून राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे मी अनेकांशी तसंच वागायचा प्रयत्न केला.

ते दृश्य पाहताना मला त्या सिस्टर आठवतात. जुना_प्रेक्षक म्हणतात तसा हा चित्रपट मलाही थकवतो. पण माणूस मारण्याचं ओझं कुणाच्या तरी अंगावर पडतं हे इतकं शांतपणे दाखवणारा बाँडपट दुसरा नाही, आणि त्यासाठी मी तो थकवा पत्करते.

मुक्काम_प्राग

नोकरीनिमित्त चेकियात आहे. चित्रपटातलं माँटेनेग्रो हे माँटेनेग्रो नाही, हे इथे आल्यावर कळलं. २००६ च्या जूनमध्ये तो देश स्वतंत्र झाला, पण 'हॉटेल स्प्लेंडिड' म्हणून दिसतं ते कार्लोवी वारी गावचं ग्रँडहॉटेल पुप, आणि कॅसिनोची इमारत म्हणजे तिथलंच जुनं शाही स्नानगृह. सुरुवातीचा कृष्णधवल प्रसंग, ज्यात बाँड दोन खून करून नावामागची दोन शून्यं (म्हणजे ठार मारायचा परवाना) मिळवतो, तो प्रागमध्येच घडतो आणि इथल्याच 'डॅन्यूब हाउस' या काचेच्या इमारतीत चित्रित झाला.

आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना कार्लोवी वारीला घेऊन गेलो. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. लोक हातात चोच असलेले छोटे कप घेऊन एका झऱ्यावरून दुसऱ्यावर फिरत, ते खारट पाणी घुटके घेत पितात. आईला वज्रेश्वरी आठवली, ती लगेच रमली. फ्लेमिंगच्या कादंबरीतलं रोयाल-लेझ-ओ हे काल्पनिक गावही असंच, झऱ्यांच्या पाण्यावर वाढलेलं आणि नंतर जुगारावर जगणारं. जागा निवडणाऱ्याने कादंबरी मन लावून वाचली असणार, असं मला त्या कमानींखाली उभं राहिल्यावर वाटलं.

तबकडी

धागाकर्त्याच्या मुद्द्याला संगीतातून पुरावा देतो. १९६२ पासून चालत आलेली मॉन्टी नॉर्मनची बाँडची धून, जॉन बॅरीने बांधलेली, ती या चित्रपटात शेवटपर्यंत पूर्ण वाजत नाही. संगीतकार डेव्हिड आर्नल्डने ती राखून ठेवली. मधल्या वेळात तो शीर्षकगीताची चाल वापरतो. ते गाणं त्याने ख्रिस कॉर्नेलबरोबर केलं. ख्रिस २०१७ मध्ये गेला, आता तो खरखरीत आवाज ऐकताना वेगळंच वाटतं. गाण्याचा मथळाच सांगतो की तुम्हाला माझं नाव माहीत आहे, आणि पडद्यावर तो माणूस ते नाव त्या ठरलेल्या पद्धतीने घेत नाही. तो नाव सांगतो आणि त्याच क्षणी ती गिटार सुरू होते. शीर्षकांमध्येही डॅनिअल क्लाइनमनने नेहमीच्या स्त्रियांच्या सावल्या काढून टाकल्या, फक्त पत्ते आणि लढणारी माणसं ठेवली. बाईचा चेहरा दिसतो तो एकच, राणीच्या पानावर. व्हेस्परचा.

नवाकोरा

मूर्खपणाचा प्रश्न वाटेल, पण विचारतो. हा बाँड नुकताच भरती झालेला, मग एम तीच कशी? जूडी डेंच तर ब्रॉस्ननच्या वेळेपासून आहे.

खडूफळा

@नवाकोरा, प्रश्न अगदी रास्त आहे. कथेच्या हिशेबाने बसत नाही. ती १९९५ पासून एम आहे आणि क्रेगचा बाँड नवा. क्यू (बाँडला उपकरणं देणारा) आणि मनीपेनी (एमची सचिव) दोघांना वगळलं, पण हिला ठेवलं, कारण तिच्यासारखी दुसरी मिळाली नसती. या चित्रपटात ती एकदा वैतागून म्हणते की शीतयुद्धाचे दिवस बरे होते. ते वाक्य नव्या एमच्या तोंडी शोभलं नसतं.

गवतीचहा

सगळं वाचलं. आडवाटेचा, तुमचं 'सूटही तिचा, पेयही तिचं' आवडलं, पण मला एक सल आहे.

व्हेस्परने बाँड घडवला, हे तुम्ही तिचं मोठेपण म्हणून सांगताय. मला त्यात तिचं नुकसान दिसतं. पुरुषाला नाव मिळावं म्हणून बाईने मरायचं, ही गोष्ट आपण किती वेळा ऐकायची? सोलांज आठवते का? बहामात बाँड तिच्याकडून माहिती काढतो, तिला सोडून निघून जातो, आणि पुढच्या वेळी ती दिसते तेव्हा मेलेली असते. बाँड तिच्याकडे बघून गप्प राहतो. एम तिथे उभी असते, तिच्या चेहऱ्यावर तरी काहीतरी हलतं.

तेव्हा मी व्हेस्परकडे बाँडची बाजू सोडून बघते. ती ब्रिटिश अर्थखात्याची अधिकारी आहे, प्रत्येक पैशाचा हिशेब ठेवणारी. तिचा प्रियकर पळवलेला आहे, त्याच्या जिवासाठी तिला विकत घेतलंय, गळ्यातला तो गाठीचा दागिना त्यानेच दिलेला. दोन माणसांवर प्रेम, दोघांनाही वाचवायचं, आणि कुणालाच सांगता येत नाही. बाँडला मारू नका या बोलीवर तिने पैसे दिले, हे एम नंतर सांगते. आणि मरण्याआधी ती फोनमध्ये मिस्टर व्हाइटचा नंबर बाँडसाठी ठेवून जाते. तो तळ्याकाठच्या घरापर्यंत पोचतो तो तिच्यामुळे. शेवटचा पाठलागही तिनेच लावून दिलेला आहे.

एव्हा ग्रीनने हे सगळं पहिल्या दृश्यापासून डोळ्यांत ठेवलं आहे. दुसऱ्यांदा पाहा, ती कधीच निवांत नसते. तिच्या नजरेतून चित्रपट बघितला तर तो गुप्तहेरपट राहत नाही.

आडवाटेचा

गवतीचहा, तुमचं म्हणणं मला लागलं, आणि पटलंही. मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी तिच्यासाठीच रडत होते, त्याच्यासाठी नाही. तुला वाटलं त्याच्यासाठी." म्हणजे धाग्याची सुरुवातच मी अर्धी चुकवली होती. ती दुरुस्ती इथे नोंदवून ठेवतो.

जुना_प्रेक्षक

काल रात्री परत पाहिला. छळाचा प्रसंग येताच आवाज बंद केला, बाकी सगळा पाहिला, एकट्याने.

डॉक्टरबाईंनी शॉवरचा प्रसंग लिहिला, म्हणून त्या दोघांच्या हातांवर लक्ष ठेवून बसलो होतो. तिथे तो तिची बोटं ओठांशी नेतो. शेवटी पाण्याखाली, लिफ्टच्या जाळीतून, ती त्याचा हात धरते आणि त्यावर ओठ टेकवते. मग मागे सरते. पहिल्या खेपेला मी हे पाहिलंच नव्हतं, घर कोसळताना बघत होतो. खडूफळा, त्या गदारोळात तिचं मरण मागे पडतं असं तुम्ही म्हणालात. मला काल तसं वाटलं नाही, तुम्हीही एकदा फक्त हात पाहा.

माझी सुट्टी मला परत मिळाली नाही. पण पुढचा भाग बघावासा वाटतोय. मुलीला दाखवलात का तुम्ही?

आडवाटेचा

अजून नाही, काका. उद्या शनिवार, रात्री जेवणं झाली की लावणार आहोत. तुम्हीही त्याच वेळी लावा, पावणेदोन तासांचाच आहे. मग रविवारी सकाळी इथेच बोलू.